छायाचित्रातील ही बाई कोण?

ज्याच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा देवघराच्या कोनाड्याशेजारी दहापाच जुनी छायाचित्रे पडून नाहीत, असे घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. त्यांतील काही माणसे आपण ओळखतो. काहींच्या बाबतीत मात्र घरातील सर्वांत वडील माणूसही चष्मा पुसून दोनदा पाहते आणि "असेल कोणीतरी आपल्यातलेच" असे म्हणून फोटो खाली ठेवते. हे 'कोणीतरी' कोण, याचा विचार आपल्या मंडळासारख्या स्त्रियांच्या संस्थेने करावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. कारण साधे आहे. अशी बिननावाची चित्रे एकत्र करून पाहिली, तर त्यांत स्त्रियाच अधिक निघतात. पणजोबांच्या फोटोखाली त्यांचे नाव, हुद्दा आणि सालसुद्धा असते. शेजारी उभ्या असलेल्या पणजीच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही.

आपल्या भागात छायाचित्र कसे आले, हे प्रथम थोडे पाहू. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात नावाजलेले छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मीरतजवळच्या सरधना गावचा, शिक्षण इंजिनियरिंगचे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारचे ते छायाचित्रकार झाले आणि सिकंदराबादेस त्यांनी मोठा स्टुडिओ थाटला. त्यांनी १८९२ मध्ये खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. गोषातील स्त्रियांना परपुरुषासमोर न जाता आपले छायाचित्र काढून घेता यावे, हा त्यामागील हेतू. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही स्त्रियांना आपले चित्र असावे असे वाटत होते आणि त्यासाठी त्या घराबाहेर पडत होत्या. दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या काचेवरील अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.

अर्थात हैदराबादची ही वाट अमीर-उमरावांची. आपल्याकडच्या सामान्य घरांना जवळचे शहर सोलापूर किंवा बार्शी, आणि ही दोन्ही गावे इंग्रजी मुलखात. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. बाजार, दवाखाना, कोर्टकचेरी यांसाठी बाहेर पडलेली माणसे येताना स्टुडिओतही डोकावू लागली. मागे रंगविलेला पडदा, बाजूला कुंडी ठेवलेले तिवई-टेबल, खुर्चीवर बसलेले यजमान आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलेली, पदर डोक्यावरून घेतलेली बाई, असे ते ठरावीक चित्र. ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आता त्या बाईचे नाव का हरवते? याला तीन कारणे आहेत, आणि तिन्ही आपल्याच चालीरीतींतील आहेत.

पहिले कारण, लग्नात बदलणारे नाव. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरचे नाव मागे पडते. माहेरच्या लोकांना सासरचे नाव आठवत नाही, सासरच्यांना माहेरचे ठाऊक नसते. दोन घरांत तिचे दोन फोटो असले, तर ते एकीचेच आहेत हे कोणालाच कळत नाही. एक उदाहरण देते. लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक झाले, आणि संन्यास घेतल्यावर त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या या नेत्याची दोन नावे, दोन वेष. तरी कोणाचा गोंधळ होत नाही, कारण ते लिहून ठेवले गेले. नाव आणि वेष बदलण्याचा हा प्रसंग आपल्याकडे घरोघरी प्रत्येक मुलीवर येत असे; त्याची नोंद ठेवण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

दुसरे कारण, नात्याने हाक मारण्याची रीत. अक्का, माई, वहिनी, वन्सं, काकी हीच नावे झाली. नातवंडांनी आजीला आयुष्यभर 'मोठी आई' म्हटले. ती गेल्यावर तिचे नाव काय होते, असे कोणी विचारले, तर सारे घर गप्प.

तिसरे कारण बोलायला थोडे जड आहे, पण बोलले पाहिजे. जुन्या काळी बाळंतपणात किंवा साथीच्या आजारात पुष्कळ तरुण स्त्रिया दगावत, आणि लवकरच दुसरे लग्न होई. नवी सून आली, की पहिलीचा फोटो भिंतीवरून उतरून ट्रंकेच्या तळाशी जाई. नव्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून तिचे नाव घरात उच्चारले जात नसे. आजोबांशेजारी उभी असलेली, आजीसारखी न दिसणारी तरुण मुलगी पुष्कळदा ही पहिली पत्नी असते. आणि घरातील एखाद्या आत्याची किंवा चुलत्याची तीच खरी जन्मदात्री असते. आज ते मूल साठ-सत्तर वर्षांचे झालेले असेल, आणि आपल्या आईचा चेहरा त्याने कधीच पाहिला नसेल. त्या फोटोवर नाव लागणे त्या माणसाच्या दृष्टीने केवढी गोष्ट आहे!

नाव लिहिल्याने काय होते, हे पाहायचे असेल, तर डॉ. आनंदीबाई जोशी यांचे एक छायाचित्र पाहावे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते काढले गेले. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशांच्या पोशाखात बसलेल्या आहेत, आणि खाली प्रत्येकीचे नाव व देश दिलेला आहे : हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. तिसरीचे नाव पुढे कोणी साबात वाचले, कोणी ताबात. परंतु नाव होते म्हणूनच हा वाद होऊ शकला. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच वारल्या. चित्राखाली त्या चार शब्दांच्या ओळी नसत्या, तर परमुलखातील त्या संग्रहात 'तीन परदेशी स्त्रिया' एवढीच त्यांची ओळख उरली असती.

आपल्या जिल्ह्यात तर चित्रे टिकली हेच नवल. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने किती तरी कुटुंबे घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली. त्यानंतर सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवरही मोठे अरिष्ट आले. सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद होता. अशा वेळी माणसे जीव घेऊन निघतात, फोटो मागे राहतात. आणि काही वेळा ते शेजाऱ्याच्या घरात जपून राहतात. म्हणून आपल्या ट्रंकेतला अनोळखी चेहरा आपल्याच रक्ताचा असेल असे समजू नये. तो शेजारचा असेल, मानलेल्या बहिणीचा असेल, घरच्या सुईणीचा किंवा मुनिमाचा असेल.

त्यानंतरचा घाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकतेच झोपले होते. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. सास्तूरसारखी गावे भुईसपाट झाली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. त्याखाली माणसेच सापडली नाहीत, तेथे फोटोंची काय कथा! त्या गावांतील कोणाचा एखादा फोटो आज असलाच, तर तो बाहेरगावी दिलेल्या लेकीकडे किंवा पाहुण्यांकडे आहे. म्हणून आपल्या घरातील लग्नाच्या समूहचित्रात त्या बाजूचे कोणी पाहुणे बसलेले असतील, तर ते चित्र दुप्पट मोलाचे समजावे. एखाद्या घराला आपल्या गेलेल्या माणसाचा तेवढाच चेहरा पाहायला मिळण्यासारखा असेल.

आता प्रत्यक्ष ओळख पटवायची कशी, ते पाहू.

आधी फोटो उलटा करावा. पाठीमागे मोडीत किंवा उर्दूत चार अक्षरे असली, तर ती वाचणारा शोधावा. आपल्या आजोबांच्या पिढीचे शिक्षण पुष्कळदा उर्दूतून झाले होते, हे विसरू नये. साल लिहिलेले असेल, तर ते कोणते याची खात्री करावी. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहार फसली सालाने चाले आणि ते साल ऑक्टोबरच्या सुमारास बदले. फसली सालात ५९० मिळविले, की इंग्रजी साल सुरू होते. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. आजूर, बहमन, खुर्दाद, शहरेवर अशी महिन्यांची नावे दिसली, तर ते साल फसलीच समजावे. शके असेल तर ७८ मिळवावेत. समजा, पाठीमागे नुसते '१३३९' आहे. ते फसली असेल, तर चित्र १९२९-३० चे. पण हिजरी असेल, तर १९२०-२१ चे. नऊ वर्षांत पाळण्यातले मूल शाळेत जाते, आणि मग बाईच्या मांडीवरचे मूल कोणते, याचे उत्तरच बदलते.

पत्त्यावरूनही काळ कळतो. आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला. तेव्हा 'औसा, जि. उस्मानाबाद' असा शिक्का असेल, तर तो फोटो त्याआधीचा धरावा. धाराशिव हे जुने नाव सरकारी कागदावर पुन्हा आले ते २०२३ मध्ये.

कागदही बोलतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले आणि खाली स्टुडिओचे सोनेरी नाव असलेले चित्र बहुधा जुने. नागमोडी कातरलेल्या कडांचे छोटे चित्र साधारण १९४० ते १९६० च्या दरम्यानचे. आगफा क्लिक कॅमेऱ्यावर घरीच काढलेले चौकोनी चित्र १९६० नंतरचे. रंगीत फोटो आपल्याकडे घरोघरी आले ते १९८० च्या पुढे.

मग पोशाख व दागिने पाहावेत. नऊवारी की सहावारी, इरकल की जरीकाठी, कुंकू आडवे की गोल की कोरलेली चंद्रकोर, हातात पाटल्या-बिलवर आहेत की नाहीत. मात्र एका गोष्टीचे भान असू द्यावे. पदर नेहमीच्या उलट खांद्यावर दिसला आणि त्याच चित्रातील सदऱ्याची बटणेही उलट बाजूस असली, तर निगेटिव्ह उलटी लागलेली असते. आणि पोशाखावरून धर्म ठरवू नये. निजामाच्या नोकरीतील हिंदू कारकून-तहसीलदारही शेरवानी आणि रुमी टोपी घालीत. तशा वेषातला फोटो पाहून "हे आपले नव्हेत" असे म्हणून पणजोबांनाच घराबाहेर काढू नये. याच्या उलट चूक तर साऱ्या महाराष्ट्राने केली होती. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून पुस्तकांतून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे अस्सल चित्र १९३३ मध्ये पुढे आणले, तेव्हा ते मागे पडले. जेथे छत्रपतींच्या बाबतीत असे घडते, तेथे आपल्या आजेसासूबाईंची काय कथा?

एवढे झाल्यावर घरातील इतर पुरावे काढावेत. नाशिक-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पुरुषांच्या पिढ्या सलग मिळतात. स्त्रीचे नाव मिळालेच, तर बहुधा सासरचे. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना चौदा, तहसिलीत पाहता येतात. परंतु स्त्रियांची नावे जेथे टिकली आहेत, त्या जागा आपल्याच हाताखालच्या आहेत. मांडणीवरची भांडी उतरून पाहा. पितळेच्या डब्यावर, तांब्याच्या घागरीवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते. आहेराची वही असेल तर तीत लग्नाला कोण कोण आले होते, याची यादीच आहे. लग्नातील समूहचित्रासमोर ती उघडून बसावे. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' च्या पुढे माहेरचे नाव मिळते. लग्नानंतर जोडप्याने तुळजापूरला दर्शनाला जाण्याची आपल्याकडे रीत आहे; तेथे काढलेला फोटो असला, तर लग्नाचे साल जवळपास हाती लागते.

आणि पहिल्या पत्नीविषयी विचारायचे असेल, तर पितृपक्षातील अविधवा नवमीची आठवण काढावी. "आपल्याकडे त्या दिवशी कोणाच्या नावाने सवाष्ण जेवू घालीत?" असा प्रश्न केला, की वर्षानुवर्षे न उच्चारलेले नाव एखादी वृद्ध बाई सहज सांगून जाते. देव्हाऱ्यात किंवा दुसरेपणावर आलेल्या आजीच्या गळ्यातल्या दागिन्यांत सवतीचा टाक असेल, तर तोही पाहावा. तो कोणाचा, हे विचारण्यात काही अशुभ नाही. जिचे नाव घरात निघत नव्हते, तिला दुसरीने आयुष्यभर गळ्यात वागविले, ही गोष्ट उलट त्या दुसरीच्या थोरपणाची आहे.

वृद्ध स्त्रियांना विचारतानाही थोडी रीत पाळावी. एकीला एकटीलाच विचारावे. चारचौघींत जी मोठ्याने बोलते तिचेच उत्तर सर्वांचे होते. आधी आपण नाव सुचवू नये. "ही सुभद्राकाकी ना?" असे विचारले, की "हो, तीच असेल" असेच उत्तर येणार. त्याऐवजी घर कोणते, प्रसंग कोणता, हे दागिने कोणाचे, असे विचारीत जावे. दोघींनी वेगवेगळे सांगितले, तर दोन्ही लिहावे. माहेरच्या बाजूलाही चित्र दाखवावे. आणि यजमानांचे नाव घ्यायला आजी लाजल्या, तर उखाणा घालायला सांगावे. संशोधनाला उखाण्याइतके विश्वासू साधन दुसरे नाही!

हल्ली मोबाइलमुळे पुष्कळ सोय झाली आहे. चेहरा मोठा करून दाखविता येतो, दूरगावच्या भाचीला क्षणात पाठविता येतो. परंतु दोन चेहरे जुळवून सांगणारी यंत्रे केवळ साम्य सांगतात, आणि साम्य तर बहिणी-बहिणींत व मावशी-भाचीतही असते. जुने चित्र रंगवून, चेहरा नितळ करून देणारी यंत्रेही आली आहेत. लुगड्याचा हिरवा रंग यंत्राने आपल्या मनाने भरलेला असतो, आणि बुजलेले नाकडोळेही ते कल्पनेने काढते. तसे चित्र हौसेने करावे. पण ओळख पटवायला मूळ चित्रच पुढे ठेवावे, आणि मूळ कधीही टाकून देऊ नये.

शेवटी लिहून ठेवण्याविषयी. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहावे. नाव माहेरचे व सासरचे दोन्ही लिहावे. समूहचित्र असेल, तर पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे, आधी बसलेल्या व मग उभ्या, असा क्रम ठेवावा. कोणी सांगितले, कधी सांगितले आणि खात्रीने की अंदाजाने, हेही लिहावे. ओळखता आले नाही, तर 'अनोळखी स्त्री, अमुक घरातील चित्र' एवढे तरी लिहावे. नुसत्या अंदाजाने नाव ठोकून देणे सर्वांत वाईट. बिननावाच्या चित्राची चौकशी पुढे कोणी तरी करील, पण चुकीचे नाव लागलेल्या चित्राची कोणीच करणार नाही. फोटोवर चिकटपट्टी लावू नये, ओल्या फडक्याने पुसू नये, काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नये. तसाच काचेसकट त्याचा फोटो काढून घ्यावा.

भगिनींनो, मुक्तिसंग्रामाचा आणि भूकंपाचा इतिहास सरकारी दप्तरांत लिहिला गेला आहे. आपल्या आज्या-पणज्यांचे चेहरे मात्र आपल्याच घरी आहेत, आणि त्यांची नावे ऐंशी-नव्वदीच्या चारदोन स्त्रियांच्या आठवणीत आहेत. त्या स्त्रिया आपल्या वॉर्डात, आपल्या गल्लीत बसलेल्या आहेत. दर वर्षी त्यांतील एखादी कमी होते. म्हणून माझी सूचना अशी, की येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने घरातील एक तरी बिननावाचा फोटो बरोबर आणावा, आणि ज्या वृद्ध बायकांना जिने चढवत नाहीत, त्यांच्याकडे आपणच तिळगूळ व फोटो घेऊन जावे. मंडळाने एक जाड वही घालावी. त्या वहीत वर्षभरात पन्नास बायांची नावे उतरली, तरी पुढच्या वर्धापनदिनी ती वही सर्वांपुढे वाचून दाखवू. फोटोत खुर्चीमागे उभ्या राहिलेल्या त्या बायांना आपण निदान नावाने तरी हाक मारू.